बाबा असताना

लष्करातून निवृत्त झालेल्या माणसाला गावात एक फुकटचा मान मिळतो. रेशनच्या रांगेत कोणी पुढे सोडत नाही, पण तेवढं सोडलं तर बाकी सगळीकडे खुर्ची मिळते. शाळेत झेंडावंदनाला बोलावतात, गणपतीच्या मंडळात नारळ वाढवायला लावतात, आणि दरवर्षी कोणीतरी गुरुजी घरी येऊन सांगतात की मुलांना शिस्तीबद्दल चार शब्द सांगा. यंदा मी नाही म्हटलं. गुरुजींना वाटलं, गेल्या वेळी माझी खुर्ची मागच्या रांगेत ठेवली होती त्याचा मला राग आला. राग नव्हता, लाज होती. ती शाळेच्या अंगणात उभं राहून सांगण्यासारखी नाही, म्हणून इथे लिहितोय.

मी सिग्नलचा माणूस. बावीस वर्षं वायरलेसच्या सेटपाशी बसून दुसऱ्यांचे निरोप इकडून तिकडे पोचवले. आमच्यात प्रत्येक चौकीवरून ठरल्या वेळी एक रिपोर्ट येतो: सगळं ठीक. बर्फ पडो, वारा सुटो, रिपोर्ट यायलाच हवा. नाही आला तर धावपळ, आला की वहीत वेळ टिपायची आणि पुढच्या तासाची वाट बघायची. रिपोर्ट देणाऱ्याला थंडी वाजते आहे का, त्याच्या पायाला फोड आलेत का, हे त्यात नसतं. ते विचारायची पद्धत नाही आणि सांगायचीही नाही.

ही पद्धत मी घरी आणली. मुलगी सहा-सात वर्षांची असेल. रविवारी दुपारी फोन लागला की मी आवाज जाड करून म्हणायचो, "पोस्ट नंबर एक, रिपोर्ट द्या." आणि ती तिकडून किंचाळून सांगायची, "सगळं ठीक, साहेब." माझ्या आजूबाजूचे जवान हसायचे, एकेक जण कान लावून ऐकायचा. ज्यांना मुलं नव्हती तेसुद्धा रविवारची वाट बघायचे. पुढे ती किंचाळायची थांबली, नुसतं सांगू लागली. मला वाटलं, मोठी झाली, शिस्त आली.

आमचं घर रत्नागिरीपासून एसटीने अर्ध्या तासावर, कातळाच्या कडेला. चिऱ्याच्या भिंती, मागे परसू आणि आंब्याची पाच-सात कलमं. माझे आईवडील आधीच गेलेले, भाऊ मुंबईला. घरात बायको आणि मुलगी दोघीच. शेजारच्या घरातली भाभी, तिचा नवरा आखातात. म्हणजे दोन्ही घरांत पुरुष फक्त सुट्टीपुरते.

बायकोला वाताचा त्रास सुरू झाला तेव्हा मुलगी दहा वर्षांची होती. मला तेवढंच माहीत होतं, 'वाताचा त्रास'. एकदा फोनवर बायको म्हणाली, "बोटं वाईच धरतात ओ सकाळची." त्या दिवशी आमच्याकडे वारा असा सुटला होता की सेटचा खांब दोनदा उभा करावा लागला होता. मी म्हटलं, तेल लावून शेकत जा, इथे माणसं बर्फात आठ-आठ तास उभी असतात, त्यांची बोटं धरत नाहीत का? ती बरं म्हणाली. त्यानंतर तिने बोटांचा विषय माझ्यापाशी पुन्हा काढला नाही. मी समजलो, तेल लागू पडलं.

सुट्टीवर आलो की मी घराचं इन्स्पेक्शन करायचो. आता हे लिहिताना कान गरम होतात, पण तेव्हा मला ती मोठी गंमत वाटायची. चादरीच्या घड्या, चपलांची रांग, पाण्याची भांडी, फळीवरची धूळ. बोट फिरवायचो आणि दहापैकी गुण द्यायचो. मुलगी बाजूला हात बांधून उभी. बायको आत चुलीपाशी. सगळं आरशासारखं लख्ख असायचं. मुलीने केस बारीक कापून घेतले होते, मानेच्या वर. मी म्हटलं, हे काय, जवान झालीस की. ती म्हणाली, वेळ वाचतो. हे वाक्य मी युनिटमध्ये परत गेल्यावर दहा जणांना ऐकवलं. दहावीतल्या पोरांना कळत नाही ते माझ्या सातवीतल्या पोरीला कळतं, म्हणून मिशीला पीळ दिला.

त्याच सुट्टीत एक दिवस सकाळी अकराच्या सुमारास ती पडवीत पुस्तक मांडीवर ठेवून झोपलेली दिसली. बसल्या बसल्याच झोपली होती, तोंड उघडं. सकाळी अकरा वाजता झोप! मी तांब्यातलं पाणी तिच्या तोंडावर मारलं. दचकून उठली. मी सांगितलं, ड्युटीवर झोपणाऱ्याला आमच्याकडे काय शिक्षा असते ठाऊक आहे? आणि तिला परसातल्या पेरूच्या झाडाकडे तोंड करून अर्धा तास उभं केलं. ती उभी राहिली. रडली नाही, कारण विचारलं नाही. बायको दारातून बघत होती. तिच्या तोंडावर काहीतरी आलं होतं, पण ती आत गेली. मला वाटलं, आईची माया आहे, चालायचंच.

मग परीक्षा आली. घाटावर मुलींची एक निवासी शाळा होती, लष्करी शिस्तीची. तिथे प्रवेशपरीक्षा द्यावी लागे. माझ्या डोक्यात ते खूळ शिरलं की निघेना. फॉर्म मी भरला, सुट्टी त्या बेताने घेतली, पुस्तकं मी आणली. केंद्र रत्नागिरीत होतं. रिक्षाने घेऊन गेलो, गेटबाहेर बाकीच्या बापांत उभं राहून शेखी मिरवली. पहिल्या पन्नासात नाव आलं नाही तर मिशी उतरवीन म्हणालो. दोन तासांनी ती बाहेर आली. पेपर कसा गेला विचारलं, तर म्हणाली, "ठीक."

यादीत नाव नव्हतं. पहिल्या पन्नासात नाही, शेवटच्यांतही नाही. मी तोवर युनिटमध्ये परतलो होतो. रविवारी फोन लावला, त्या दिवशी रिपोर्ट मागितला नाही. "तू माझं नाक कापलंस," मी म्हणालो. "शिपायाची पोर पाठ दाखवून पळते, हे मला आज कळलं." मी फोन ठेवला. पुढचे चार महिने मी तिच्याशी बोललो नाही. रविवारी फोन करायचो, बायकोशी बोलायचो. बायको मध्येच म्हणायची, पोर उभी आहे बाजूला. मी म्हणायचो, उभी राहू दे.

एवढा हट्टी माणूस मी होतो, आणि याला मी शिस्त म्हणायचो.

त्या वर्षीची सुट्टी मला दोन दिवस आधी मिळाली. कळवलं नाही. मनातून राग उतरला होता, पण आपणहून बोलायला जड जात होतं. अचानक गेलो की आपोआप बोलणं होईल, असा हिशेब. रत्नागिरी स्टेशनवर सकाळी उतरलो, रिक्षा केली, आठाच्या सुमारास घराशी पोचलो. पुढचं दार लोटलेलं होतं. म्हटलं मागून जाऊन चकित करू, म्हणून ट्रंक ओटीवर ठेवून परसातून वळलो.

मागच्या पडवीत बायको स्टुलावर बसली होती. दोन्ही हात मांडीवर उताणे, बोटं आत वळलेली. मुलगी तिच्या मागे शाळेच्या गणवेशात उभी राहून वेणी घालत होती. वेणी झाली, तिने पुढे येऊन आईच्या ब्लाउजचे हूक लावले, खाली बसून पायांत एकेक चप्पल सरकवली. मग आईच्या काखांत हात घालून, एक-दोन-तीन म्हणत, तिला उभं करू लागली. हे सगळं न बोलता, झरझर चाललं होतं, रोजची सवय असावी तसं.

बायकोने मला आधी पाहिलं. तिने घाईने आपलं आपण उठायला पाहिलं आणि पुन्हा स्टुलावर बसली. मुलगी वळली. फणी अजून हातातच. चार महिन्यांच्या अबोल्यानंतर बाप दिसला, तर तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं:

"बाबा, तुम्ही परवा येणार होतात."

तिच्या आवाजात आनंद नव्हता, रागही नव्हता. परवाची तयारी आज झालेली नाही, एवढीच काळजी होती.

मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात शिरलो. दाराच्या मागे, बाहेरच्या माणसाला दिसू नये अशा बेताने, वहीची दोन पानं चिकटवलेली होती. ड्युटीचा तक्ता कसा आखायचा हे मीच तिला शिकवलं होतं, पट्टी कशी धरायची, वेळा डाव्या बाजूला लिहायच्या. पहिल्या पानावर लिहिलं होतं 'रोज'. सव्वापाच, पंप आणि पाणी. साडेपाच, आईचे हात गरम पाण्यात. सहा, पेज आणि गोळी. सहा चाळीस ते सहा पन्नास, विश्रांती, भाभीकडे. मग कपडे, डबा, आईची वेणी, आणि बस. संध्याकाळचंही तसंच, अभ्यास सर्वांत खाली.

दुसऱ्या पानावर लिहिलं होतं 'बाबा असताना'.

त्यात सगळ्या वेळा एक तास अलीकडे सरकवल्या होत्या. सव्वाचार, पंप आणि पाणी. साडेचार, आईचे हात. आईच्या गोळ्या दोन. बाबा उठायच्या आत आई चुलीपाशी बसलेली पाहिजे. चादरी. चपला. फळी पुसणे. आणि विश्रांतीची ओळ त्या पानावर नव्हतीच.

बावीस वर्षांत मी नाही म्हटलं तरी हजारो कागद वाचले असतील, पण एवढा वेळ कुठल्याही कागदापुढे उभा राहिलो नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिला मी अकरा वाजता पाणी मारून उठवलं होतं, ती त्या दिवशी सव्वाचारला उठलेली होती. मी घरी असल्यामुळे. माझी सुट्टी म्हणजे त्या घरावर आणखी एक ड्युटी होती, आणि तीच सर्वांत अवघड होती.

त्या गोळ्यांचं मला डॉक्टरांकडून कळलं. दिवसाला एकच घ्यायची, जास्त नाही, असं त्यांनी बजावलेलं होतं. बायको माझ्या सुट्टीभर रोज दोन घ्यायची आणि मी गेल्यावर आठवडाभर तिचं पोट बिघडायचं. मी तिला विचारलं, का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "तिकडं तुमचं चित्त थाऱ्यावर नको? घरचं ऐकून तुम्ही तिकडं चुकलात तर?" हे काही तिने एकटीने काढलेलं नव्हतं. आमच्या बायकांत ते चालत आलेलं आहे. चौकीवरच्या माणसाला वाईट बातमी द्यायची नाही. सासू सुनेला सांगते, सून लेकीला सांगते. फक्त, लेक दहा वर्षांची असली की तिने घरचं कोणाला सांगायचं, याचा विचार कोणी केलेला नसतो.

दुपारी शेजारची भाभी आली. एरवी मला भाऊ म्हणून मानाने बोलणारी बाई, त्या दिवशी ओटीवर बसलीसुद्धा नाही. पोरीने तिला शपथ घातली होती म्हणून ती इतकी वर्षं गप्प होती. आता मी डोळ्यांनी पाहिलंच आहे, तर तिची शपथ सुटली.

"रोज सकाळी येते भाऊ, नि माज्या पायरीवर दहा मिन्टं बसते," ती म्हणाली. "चाय दिली तर घेते, नाय तर नाय. काय बोलत नाय. मी पन काय विचारत नाय. घड्याळ बगते नि उठते. तुमी येता तवा महिनाभर येत नाय. मी समजते, साहेब आलेले हायत."

सकाळपासून ओटीवर पडलेली ट्रंक मी उचलून आत नेली.

मुलीशी बोलायला मला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी तिला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला गेलो. सकाळची वेणी मीच घातली होती, बायकोची, आणि ती इतकी वेडीवाकडी झाली होती की मायलेकी दोघी हसल्या होत्या. त्या हसण्याचा आधार घेऊन मी रस्त्यात विचारलं, त्या परीक्षेचा पेपर खरंच अवघड होता का?

"नाही. सोपा होता."

"मग?"

"मी अर्धाच लिहिला," ती म्हणाली. "सगळा लिहिला असता तर जावं लागलं असतं."

बस आली, ती चढून गेली. मी थांब्यावर बसून राहिलो. पाठ दाखवून पळाली, असं मी जिला म्हणालो होतो, तिने जागा सोडायची नाही म्हणून येत असलेली उत्तरं गिळली होती. मी काय बोललो होतो ते मला शब्दन् शब्द आठवत होतं, आणि तिलाही आठवत असणार. मी माफी मागितली. त्याच संध्याकाळी, पेरूच्या झाडाखाली, नीट मागितली. ती म्हणाली, असू दे बाबा. किती पटकन म्हणाली! तिला तो विषय संपवून कुकर लावायचा होता.

परत गेल्यावर मी घराजवळ बदली मिळावी म्हणून साहेबांपुढे उभा राहिलो. साहेब भला माणूस होता. त्याने विचारलं, पत्नी केव्हापासून आजारी आहे? मी तीन वर्षं म्हणालो. मग आजवर सांगितलं का नाही? त्यावर 'मला माहीत नव्हतं' एवढंच खरं उत्तर होतं, आणि ते सावधानमध्ये उभं राहून द्यायला मला फार जड गेलं. बदली मिळाली, तीही सहा महिन्यांनी आणि पुण्यापर्यंतच. मग दर शनिवार-रविवार घरी येऊ लागलो, आणि निवृत्तीची वेळ आली तेव्हा वाढीव नोकरी मागितली नाही. आता गेली काही वर्षं बायकोचं सगळं मी करतो. वेणी बरी जमते. डॉक्टर बदलले, औषधं बदलली, ती चार पावलं आपली आपण चालते.

आमच्या तालुक्यात फौजेत असलेल्यांची घरं बरीच आहेत. मी अधूनमधून जातो. कागदपत्रं, फॉर्म, असली कामं असतात, पण खरं म्हणजे मी मुलं बघायला जातो. कसं चाललंय असं विचारलं की सगळी पोरं ठीक म्हणतात. ते मी आता विचारत नाही. मी विचारतो, सकाळी उठल्यावर पहिल्यांदा काय करतेस? मग एखादी सहज सांगून जाते की आजीची चादर बदलते, किंवा आई उठते का ते बघते. ते ऐकलं की मी त्या घरी पुन्हा जातो. कोणासाठी शाळेत जाऊन बोलतो, कोणाच्या चुलतीला गाठतो, कोणाच्या बापाला फोन लावतो आणि झाडतो. बाप चिडतात. मला चालतं.

पण हे सगळं काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणावं तसं आहे. माझी मुलगी आता तेवीस वर्षांची आहे. पुण्याला एका ऑफिसात इमारतींचे नकाशे काढते. रविवारी दुपारी फोन करते, एकही रविवार चुकलेला नाही. आणि मी कसं काय विचारलं की सांगते, सगळं ठीक. गेल्या वर्षी स्कूटरवरून पडून तिचा हात मोडला. सहा आठवडे प्लास्टर होतं. त्या सहा रविवारी सगळं ठीक होतं. मला कळलं ते दिवाळीत, भाभीच्या मुलीकडून; दोघी लहानपणच्या मैत्रिणी. मी चिडलो नाही. कोणत्या तोंडाने चिडणार? मीच शिकवलेलं होतं, आणि विद्यार्थिनी हुशार निघाली. तेव्हापासून मला रविवारी दुपारी जेवण जात नाही. फोन येतो, आवाज नीट असतो, आणि त्या आवाजामागे ती खरोखर कशी आहे हे कळायला माझ्यापाशी काही मार्ग नसतो.

मागच्या रविवारी फोन आला तेव्हा मी कसं काय विचारलंच नाही. म्हटलं, आज माझा रिपोर्ट आधी. मी सांगितलं की आठवडाभर माझी पाठ धरली आहे. परवा तुझ्या आईला उठवताना माझा तोल गेला, आम्ही दोघं पडलो, तिला लागलं नाही पण मी घाबरलो. काल रागाने तिच्यावर ओरडलो आणि मग परसात जाऊन रडलो. एवढं मी आयुष्यात कोणाला सांगितलेलं नाही. सांगताना घाम आला. बायको आतून ऐकत होती, ती खुणेने म्हणत होती, पोरीला कशाला सांगता?

मला वाटलं, फोन कट झाला.

"बाबा," ती म्हणाली, "मला तीन दिवस ताप आहे. खोलीत एकटीच आहे. कोणीतरी इथे असावं असं वाटतंय."

पोरीला ताप आहे हे ऐकून डोळ्यांत आनंदाने पाणी आलेला बाप मी एकटाच असेन, आणि त्याचीही मला लाज वाटली. मी फोन न ठेवताच भाभीला हाक मारली, दोन दिवस हिच्यापाशी थांबशील का विचारलं. ती पदर खोचून आलीच. मुलीला विचारलं, पेज करता येईल का तुझ्याकडे, तांदूळ आहे का? ती म्हणाली, तांदूळ आहे, मीठ संपलंय. मी पिशवीत मिठाची पुडी टाकली आणि दुपारची पुण्याची गाडी धरली.